भिंतीची कॉफी

रंगमास्तरांचं असं ठाम मत होतं की दोन गोष्टी त्यांच्यासारख्या कोणाला जमत नाहीत. एक म्हणजे मागाल तो रंग कालवून देणं आणि दुसरी म्हणजे कॉफी.

पहिल्या गोष्टीबद्दल कोणाचा वाद नव्हता. रंगाच्या दुकानात त्यांची अर्धी हयात गेली होती. गिऱ्हाईक शर्टाचं बटण घेऊन येई, कोणी वाळलेलं पान, कोणी उशीचा अभ्रा. एकाने तर मांजर आणून काउंटरवर ठेवलं होतं आणि झोपायची खोली ह्या रंगाची हवी म्हणून सांगितलं होतं. मांजर थांबलं नाही, पण रंग जमला. दुकानात आता रंग ओळखणारं यंत्र आलं होतं, तरी यंत्राने दिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे मालक मास्तरांनाच विचारत.

दुसऱ्या गोष्टीबद्दलही वाद नव्हता, पण तो घरातल्या माणसांनी घातला नव्हता म्हणून.

मास्तर कॉफी करत नसत, घडवत. दाणे हाताने दळायचे, आणि दळताना कोणी बोलायचं नाही. काचेच्या नरसाळ्यात कागद बसवायचा, कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, मग लांब चोचीच्या किटलीतून पाण्याची दोऱ्याइतकी बारीक धार सोडायची आणि मध्येच थांबायचं. "तिला श्वास घेऊ द्या," असं ते म्हणत. कॉफी श्वास घेत असताना घरातली बाकीची माणसं तो रोखून बसत. शेवटी बरणीत जे थेंबथेंब उतरे त्यात नखभर दूध. साखर मागितली तर मास्तर अशा नजरेने बघत की मागणाऱ्याला आपण चोरी केल्यासारखं वाटे.

त्यांच्या बायकोची कॉफी वेगळी. डब्यातली तयार पूड, साखर आणि चार थेंब पाणी कपात घालून ती चमच्याने फेटत बसायची. मिश्रण पांढुरकं होऊन फुगलं की त्यावर उकळतं दूध. मास्तरांच्या आईची त्याहून वेगळी. पाणी, पूड, साखर, दूध सगळं एकाच पातेल्यात घालून वर येईपर्यंत उकळायचं, खाली बसू द्यायचं, पुन्हा वर आणायचं. "जी उकळली नाही ती पोटात जाऊन काय करणार?" असा त्यांचा सवाल होता.

सकाळी मास्तर करत ती कॉफी सगळे पीत आणि "वा" म्हणत. मास्तर दुकानात गेले की सासू-सुना आपापली करून घेत. घरातली शांतता ह्या व्यवस्थेवर उभी होती आणि ती चांगली भक्कम होती. मास्तरांच्या मुलीने लग्न ठरवलं, तोपर्यंत.

मुलगा तिच्याच ऑफिसातला. सध्या कामासाठी बाहेरगावी होता, त्यामुळे आधी त्याचे आईवडीलच येऊन जाणार होते. वडील निवृत्त आणि स्वभावाने गरीब. आई एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती. बोलणं कमी, बघणं जास्त.

"त्या अजून हो म्हणाल्या नाहीत," मुलीने आदल्या दिवशी घरात सांगून ठेवलं. "नाही पण म्हणाल्या नाहीत. 'बघू' म्हणाल्यात. बाबा, तुम्ही उद्या कॉफीवर बोलू नका."

"मी कशाला बोलू? माझी कॉफी बोलेल."

"तीच भीती आहे," मुलगी म्हणाली.

पाहुणे खाली आल्याचा आवाज झाला तेव्हा मास्तरांनी धार सोडायला सुरुवात केली. बेल वाजली तेव्हा बरणी भरली होती. कुठल्याही शस्त्रक्रियेला शोभेल असं वेळेचं गणित. "कपात ओत, नखभर दूध घाल आणि हलवू नको," एवढं बायकोला सांगून ते बाहेरच्या खोलीत गेले.

आणि कॉफीवर बोलले. सुरुवात विहीणबाईंनीच केली, म्हणजे त्यांनी "छान वास येतोय" एवढंच म्हटलं. मास्तरांनी त्यांना त्या वासाच्या उगमापर्यंत नेलं. ते झाड कोणत्या उंचीवर वाढतं, त्यावर सावली कशाची पडते, फळ लाल होताना त्याला काय काय सोसावं लागतं, सगळं आलं. होणारे व्याही एखाद्या दूरच्या नातेवाइकाची हकिगत ऐकावी तसे मान हलवत राहिले. विहीणबाई मास्तरांकडे न बघता खोलीकडे बघत होत्या: पडदे, पंखा, कोपरे. कपाटावरच्या धुळीशी त्यांची नजर जरा रेंगाळली.

थोड्या वेळाने मास्तरांनी बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं. आणखी थोड्या वेळाने मास्तरांच्या आईही आतून आल्या आणि बसल्या. शेवटी मुलगी उठून आत गेली. तिला बराच उशीर लागला. ती ट्रे घेऊन आली तेव्हा ट्रेमध्ये दोनच कप होते.

"आमची आत्ताच झाली," मास्तर म्हणाले. यजमानाने असंच म्हणायचं असतं. ते समोरच्या खुर्चीवर होते, त्यामुळे त्यांना कपांची फक्त पांढरी बाहेरची बाजू दिसत होती. आत काय आहे ते बघायची त्यांना गरजही नव्हती. आपल्या मुलाचा चेहरा कोणी फोटोत शोधत बसत नाही.

व्याह्यांनी घोट घेतला आणि "छान" म्हणाले. विहीणबाई मात्र कप हातात धरून आत बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की मुलीने ट्रे छातीशी धरला.

"रंग तुम्हीच बनवता ना?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे दुकानात. का बरं?"

"आमच्या बाहेरच्या खोलीच्या मोठ्या भिंतीला हा रंग हवाय."

"कोणता?"

"हा." त्यांनी मानेनेच कपाकडे दाखवलं. "किती दिवस शोधतेय. दुकानातल्या कार्डांत नाही."

मास्तरांना आयुष्यात बरीच कौतुकं मिळाली होती, पण कॉफी आणि रंग दोन्ही एकाच वाक्यात कधी मिळाले नव्हते. ते खुर्चीत थोडे उंच झाले.

"विहीणबाई, माझ्या हातची कॉफी आहे ती. डोळे मिटून करून देतो."

मास्तरांची बायको पंख्याकडे बघायला लागली. आईंनी पदर सारखा केला. मुलगी ट्रे घेऊन आत गेली, नेण्यासारखं त्यात काही नसताना.

"भिंत झाली की सगळे तिथेच जेवायला बसू," विहीणबाई उठताना म्हणाल्या. "मग पुढचं बोलू."

म्हणजे आता लग्न भिंतीवर आलं होतं. दोन्ही कप मात्र रिकामे परत गेले होते, ह्याची मास्तरांनी मनात नोंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली किटली, नरसाळं आणि दाणे दुकानात नेले. उत्तरेच्या खिडकीशी पांढरा कप ठेवला आणि कार्डावर रंगाचे ठिपके देत बसले. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. कॉफी निवली की तिचा रंग बदलतो, वर साय धरली की आणखी बदलतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा ताजी करावी लागली. निवलेली मालक प्यायले. दुपारनंतर मालकांचे हात थरथरायला लागले, पण रंग बनला. पिवळा, तपकिरी आणि अगदी जरासा लाल. मास्तरांनी कार्ड कपाशेजारी धरलं. कप कुठे संपतो आणि कार्ड कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं.

रंगारी त्यांच्या ओळखीचाच होता. तोंडात कायम काडी, आणि बोलणं त्या काडीच्या बाजूने. भिंत घासून, प्रायमर लावून त्याने विचारलं, "मास्तर, आधी हातभर नमुना मारू कोपऱ्यात?"

"नमुना परक्या रंगाचा मारतात," मास्तर म्हणाले. "हा माझ्या घरचा आहे. मार दोन हात सगळीकडे."

दोन हात झाले. भिंत वाळली. सोफा आणि टेबल खोलीच्या मधोमध चादरीखाली उभे होते, आणि व्याही दारातल्या स्टुलावर पेपर वाचत होते, कारण त्यांची खुर्चीही त्या चादरीखाली होती. विहीणबाई भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी श्वास सोडला.

"पण हा तो नाही."

"वाळताना जरा गडद होतो तो. उद्यापर्यंत..."

"गडद नाही. हा लाल जातो. तो लाल जात नव्हता."

"खिडकीचा उजेड पण..."

"मास्तर," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "वॉर्डाच्या दारातून नुसते चेहरे बघून कोणाला ताप चढलाय ते मी सांगत आले. कपातला रंग मी विसरणार नाही."

मास्तरांनी सोबत थर्मासमधून कॉफी नेली होती. ती त्यांनी पुरावा म्हणून कपात ओतली. कप आणि भिंत एकच होती. व्याह्यांनी कप घेतला, प्यायले आणि म्हणाले, "मला तर हीच वाटते."

"तुम्ही पेपर वाचा," विहीणबाई म्हणाल्या.

मास्तर घरी आले ते चप्पल न काढताच बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा रंग परत आला होता, तोही कुठून, तर जिथे मुलीला जायचं होतं तिथून.

"त्यांची नजर गेली असणार," ते म्हणाले. "वय झालं की पिवळं लाल दिसतं."

बायको बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, एक विचारू?"

"विचार."

"समजा, ती कॉफी तुमची नसलीच तर?"

"म्हणजे?"

"तुम्ही बाहेर त्या झाडाचं बालपण सांगत बसलात. इकडे बरणी गार झाली. आता तापवलेली कॉफी म्हणजे काढा, हे तुमचंच म्हणणं. गार कशी देणार, आणि तापवू कशी? मग मी ती ठेवली बाजूला आणि माझी फेटली."

"फेटलीस? होणाऱ्या व्याह्यांना डब्यातली पूड?"

"प्यायले ना? कप रिकामे आले ना?"

ह्यावर रागवावं असं मास्तरांच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात दुसरा विचार आला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे माझा रंग चुकला नव्हता."

"नाही."

"रंग बरोबरच होता. कॉफी चुकली."

"माझी कॉफी चुकली नव्हती," बायको म्हणाली. "तुम्हाला कोणाची ते कळलं नाही, एवढंच."

पुढच्या खेपेला ती स्वतः बरोबर गेली. कप, चमचा, डबा सगळं पिशवीत घेतलं होतं आणि रस्त्याने मास्तरांच्या दोन पावलं पुढे चालत होती. विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिने अशी काही फेटली की बाहेर रंगारी म्हणाला, "मास्तर, हा हात आमच्या धंद्यात पाहिजे होता." मास्तरांनी तिथेच डब्यात रंग कालवला, आणि ह्या वेळी भिंतीच्या कोपऱ्यात निमूटपणे हातभर नमुना मारून घेतला.

"हा फिका आहे," विहीणबाई म्हणाल्या. "ह्याच्यात फेस आहे. त्याच्यात फेस नव्हता."

"फेस बसला असेल हो," मास्तरांची बायको म्हणाली.

"बसला तरी कडेला राहतो. कड स्वच्छ होती."

व्याह्यांनी तोवर कप संपवला होता. "मला तर हीच वाटते."

"काका मागच्या वेळीही हेच म्हणाले होते," रंगारी काडीच्या बाजूने म्हणाला.

परतताना मास्तरांची बायको दोन पावलं मागे होती. तिला काही केल्या कळत नव्हतं. "माझ्या कॉफीला फेस नाही असं होईलच कसं?" हे तिने रस्त्यात विचारलं, जिन्यात विचारलं आणि घरात शिरताना पुन्हा विचारलं.

मास्तरांच्या आई खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "होणारच नाही. ती तुझी नव्हतीच, सूनबाई."

मास्तर शेंगांच्या ढिगापाशी येऊन उभे राहिले.

"आई," मास्तर म्हणाले, "तू पण?"

"तू पण काय? मी आत गेले तर कपांवर हा एवढा साबणासारखा फेस. पाहुण्यांना वाटलं असतं, ह्यांच्याकडे कप धड विसळत नाहीत. आणि ती बाई रुग्णालयातली. मी ते कप ठेवले बाजूला आणि आपली पातेल्यात करून ठेवली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" सुनेने विचारलं.

"कोणी विचारलं? ह्या बाळ्याला वाटत होतं त्याची, तुला वाटत होतं तुझी. दोघं खुशीत होतात. मी म्हातारी कशाला मध्ये पडू?"

आईंचे गुडघे दुखत, त्यामुळे त्या सहसा घराबाहेर पडत नसत. आता मात्र पडल्या. विहीणबाईंचा जिना त्यांनी प्रत्येक वळणावर बसत, पण एकदाही तक्रार न करता चढला. सुट्टीचा दिवस होता म्हणून नातही बरोबर होती. वर गेल्यावर आईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ पातेलं मागितलं. कॉफी दोनदा वर आली. एकदा पातेल्यात राहिली, एकदा शेगडीवर सांडली. "ती सांडायचीच असते," असं त्यांनी विहीणबाईंना बजावलं.

मास्तरांनी तिसरा रंग कालवला. मोठ्या भिंतीवर आता पार्श्वभूमीला एक कॉफी होती आणि कोपऱ्यात शेजारीशेजारी दोन. रंगारी म्हणाला, "असेच हात चढत राहिले तर खोली लहान होईल," पण कोणी हसलं नाही.

विहीणबाईंनी ह्या वेळी बराच वेळ घेतला. मागे सरकून पाहिलं, खिडकीचा पडदा बाजूला करून पाहिलं.

"जवळ आलात," त्या म्हणाल्या.

"जवळ म्हणजे?" आईंनी विचारलं. "हीच ती."

"नाही. ही जरा गढूळ आहे."

आईंच्या हातातलं गाळणं थांबलं. "गढूळ?"

"मी रंगाबद्दल बोलतेय."

"रंग कोणाचा? माझ्या कॉफीचाच ना? आमच्या घरात इतकी माणसं आली गेली, माझ्या कॉफीला गढूळ कोणी म्हटलं नाही."

"आजी," मुलगी हळूच म्हणाली.

"तू थांब. बाळ्या, माझी चप्पल कुठे आहे बघ."

"आई, अगं त्या म्हणतात तो रंग खरंच असेल जरासा..."

"असेल ना? मग तुझाच लाल रंग ठेवा भिंतीला."

"लाल नाही तो," मास्तर पटकन म्हणाले.

"लालच आहे," त्यांची बायको म्हणाली. "माझा निदान गढूळ तरी नव्हता."

"सूनबाई!"

विहीणबाईंनी हात मागे बांधले. रुग्णालयात ही त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती, ह्यानंतर वॉर्ड रिकामा व्हायचा. "मला वाटतं," त्या म्हणाल्या, "भिंतीचं राहू दे. घाई नको. कशाचीच."

'कशाचीच' हा शब्द खोलीत पडला आणि तिथेच राहिला. व्याह्यांनी पेपर खाली घेतला. मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा भिंतीच्या तिन्ही रंगांपैकी कशालाच जुळत नव्हता.

"ती कोणाचीच नव्हती," मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"त्या दिवशी मी आत गेले तर ओट्यावर तीन कॉफ्या. बाबांची बरणीत, आईची कपांत, आजीची पातेल्यात. आणि तिघं बाहेर बसलेली, प्रत्येकाला वाटतंय आपलीच येणार. एकाची आणली असती तर पाहुणे गेल्यावर दोघांची तोंडं मला बघावी लागली असती. मग मी सगळ्या एका पातेल्यात ओतल्या, गरम केल्या, गाळल्या आणि घेऊन आले."

सगळ्यात आधी मास्तरांनी विचारलं, "माझी तापवलीस?"

"तापवली, बाबा."

"माझा फेस गाळलास?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"गाळला."

"आणि माझ्या कॉफीत," मास्तरांच्या आई म्हणाल्या, "ह्याची ती कागदातली ओतलीस?"

"ओतली."

"आधी का नाही बोललीस मग?"

"बोलणार होते. पण बाबा 'माझ्या हातची' म्हणून गेले होते. मग भिंतच रंगली. प्रत्येक वेळी वाटायचं, ह्या वेळी जुळेल आणि मिटेल."

रंगाऱ्याने तोंडातली काडी काढली. एवढं त्याने कधीच केलं नव्हतं.

विहीणबाईंनी हात सोडले. "माझं स्वयंपाकघर मोकळं आहे," त्या म्हणाल्या. "तिघांनी करा."

आईंची चप्पल कोणी शोधली नाही. तिघांनी एकाच ओट्यावर, एकमेकांचे कोपर चुकवत आपापली कॉफी केली. मास्तरांना नरसाळं ठेवायला जागा उरली नाही म्हणून त्यांच्या आईंनी ते हातात धरलं, आणि "ही काय लघवीसारखी धार" असं पुटपुटल्या, पण धरलं. कॉफीला श्वास घ्यायला मिळाला की नाही ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मुलीने सगळं एका पातेल्यात ओतलं, तापवलं आणि पांढऱ्या कपात गाळलं.

मास्तर तो कप घेऊन खिडकीशी गेले. बघत राहिले. सौम्य, दाट, ना लाल ना गढूळ, आत कुठून तरी उजेड असल्यासारखा रंग. इतक्या वर्षांत तो त्यांच्या हाताला कधी लागला नव्हता, आणि लागलाही नसता, कारण त्यांना माहीत असलेली कुठलीच वाट तिकडे जात नव्हती.

"ह्याला फार वेळ लागेल," ते म्हणाले. "आधी पिवळा कमी करून..."

"मास्तर," रंगारी म्हणाला, "आपल्याकडे तिन्ही डबे आहेत. ओतू का एकात?"

"रंग असा बनत नसतो."

"कॉफी बनली."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग डब्यांकडे. मग स्वतःच बादली पुढे ओढली. तीन रंग एकमेकांत शिरले, काठीने ढवळले गेले आणि एक झाले. त्यात मास्तरांनी टोकभर काळा टाकला. त्याची काही गरज नव्हती, पण अगदी काहीच न करणं त्यांच्याने झालं नाही.

रंगाऱ्याने भिंतीवर हातभर नमुना मारला आणि तो वाळला. मग विहीणबाई कप घेऊन भिंतीशी गेल्या, शेजारी धरला, आणि म्हणाल्या, "हाच."

मास्तरांच्या बायकोने डोळे पुसले आणि रंगाच्या वासाने पाणी आल्याचं सांगितलं. विहीणबाई मुलीकडे वळल्या.

"कोणाचीच ओतून टाकली नाहीस?"

"नाही."

"आमच्याकडेही तिघं आहेत, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. तू आलीस की बरं होईल." त्या जरा थांबल्या. "त्याला फोन करून सांग. माझ्याकडून."

मुलगी फोन घेऊन बाल्कनीत गेली. इतक्या दिवसांनी मास्तरांची छाती पुन्हा भरून आली, आणि भरलेल्या छातीने ते नेहमी करत तेच त्यांनी केलं.

"विहीणबाई, आता एक घोट घ्या ना. त्या दिवशी घेतली होतीत तीच आहे."

"त्या दिवशी? मी नव्हती घेतली."

"पण कप तर रिकामा..."

"ह्यांनी घेतल्या दोन्ही. मी नुसती बघत होते."

स्टुलावर व्याह्यांनी मान डोलावली.

"पण आता म्हणताच आहात तर," विहीणबाई म्हणाल्या आणि कप तोंडाला लावला. तिघांनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. घोट खाली उतरला. वॉर्डात औषध घेणाऱ्यांचा जो चेहरा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, तो क्षणभर त्यांच्यावर येऊन गेला. त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"भिंतीला छान आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्याच भिंतीसमोर दोन्ही घरं जेवायला बसली. मुलगाही आला होता, आणि खोलीत शिरताच "रंग मस्त आहे, कोणता हा?" असं त्याने विचारलं. त्याला कोणीच नीट उत्तर दिलं नाही. जेवण झाल्यावर विहीणबाईंनी विचारलं, "चहा की कॉफी?"

"चहा," मास्तर, त्यांची बायको आणि त्यांची आई एकदम म्हणाले.

"मला कॉफी," व्याही म्हणाले. "ती भिंतीची."

एका कपासाठी तिघांना उठावं लागलं.